बार्शीची गाडी फलाट क्रमांक तीनवर

सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार.

अहो.

बसा ना, चहा टाकते.

बारा एके बारा, बारा दुणे चोवीस, बारा त्रिक छत्तीस.

अगं बाई.

प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. परंडामार्गे बार्शीला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे.

आई गं.

*

"पाणी म्हणा," गुंजाळ मॅडम म्हणाल्या.

आम्ही दोघी आरशासमोर बसलो होतो, शेजारी शेजारी, केस विंचरायला बसावं तशा. जिल्ह्याच्या दवाखान्यातली ती खोली पूर्वी एक्स-रे ठेवायची होती. खिडकी नव्हती. आरसा मॅडमनी घरून आणला होता.

"माझ्या तोंडाकडे बघा, काकू. ओठ मिटा. पा."

मी ओठ मिटले. पाणी म्हणजे काय, मला माहीत होतं. कुठल्या माठातलं हवंय तेही माहीत होतं. मी म्हणाले, "ता."

"पुन्हा. ओठ मिटून. पा."

"का."

तिसऱ्या वेळी ओठ मिटलेच नाहीत. जीभ आतल्या आत चाचपडत राहिली, अंधारात काडेपेटी शोधावी तशी.

"आई गं," मी म्हणाले. स्वच्छ, सुरेल.

"हे बघा!" मागून गुरुजी ओरडले. "हे येतं ना बोलता? मनावरच घेत नाही ती."

गुरुजी म्हणजे माझे यजमान. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. सगळं गाव त्यांना भांगे गुरुजी म्हणायचं, मीही मनात तेच म्हणायचे. आयुष्यभर त्यांनी पोरांना म्हण म्हण म्हणून बोलायला लावलं होतं. एक बायको बोलत नाही हे त्यांना शाळेच्या तपासणीत नापास झाल्यासारखं वाटायचं.

"गुरुजी, त्या मनावर घेतात म्हणूनच येत नाही," मॅडम म्हणाल्या. "दचकल्यावर, रागावल्यावर, पाढ्यासारखं पाठ असलेलं, ते आपोआप येतं. ठरवून म्हणायला गेल्या की वाट बंद होते."

"जीभ लुळी पडलीय का मग?"

"नाही. लुळी असती तर सगळंच बोबडं आलं असतं, दर वेळी सारखंच. बाहेर पोस्टातले काका बसलेत ना, त्यांचं तसं आहे. त्यांचे स्नायूच कमजोर झालेत. काकूंचे स्नायू ठणठणीत आहेत. पण कुठल्या स्नायूने कधी हलायचं हे ठरवणारी जागा बिघडलीय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या भाषेत सांगते. गाड्या आहेत, ड्रायव्हर आहेत, डिझेल आहे. कंट्रोलर गैरहजर आहे."

मी हसले. हसू नीट यायचं.

कंट्रोलर मीच होते. वाहतूक नियंत्रक, सौ. पुष्पलता दिगंबर भांगे. आमच्या स्टँडवर एकोणीस वर्षं गाड्या पुकारल्या. आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायका मला तोंडावरून ओळखायच्या नाहीत, बाजारात मी भाजीचा भाव विचारला की वळून बघायच्या. मग झटका आला. उजवा हात गेला, पाय थोडा ओढायला लागला, आणि बोलणं. हात अर्धा परत आला. बोलण्यातलं काय शिल्लक राहिलं ते मी वर लिहिलंच आहे.

मॅडमचं काम सावकाशीचं होतं. एकेक अक्षर. त्या माझ्या डाव्या हाताने माझ्याच मांडीवर थाप मारायच्या आणि प्रत्येक थापेला एक अक्षर म्हणायच्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत त्यांच्याबरोबर म्हणायचं. मग त्या गप्प व्हायच्या, नुसतं तोंड हलवायच्या. मग तेही बंद.

"तुम्हाला पहिलं वाक्य कुठलं हवंय?" त्यांनी सुरुवातीलाच विचारलं होतं. चित्रं दाखवली होती, ताट, खाट, औषध. मी एकही निवडलं नाही. त्यांच्या पर्समधला मोबाइल उचलून कानाला लावला. मग तोंडाशी घास नेल्याची खूण केली.

त्यांना कळायला वेळ लागला नाही. माझी मुलगी ऋतुजा लातूरला नर्सिंग शिकत होती. रोज फोन करायची.

मला म्हणायचं होतं: जेवलीस का?
तोंडातून आलं: अहो... अहो... बसा ना.

"आई, बोल ना," ती म्हणायची. मग रडायची. मग फोन गुरुजींकडे.

मंगळवार, शुक्रवार आम्ही 'जेवलीस का' करत होतो. तीन महिन्यांत 'जे' आणि 'का' आले होते. मधलं 'वलीस' डोंगरासारखं उभं होतं.

*

मार्चमधल्या एका मंगळवारी गुरुजींना कल्पना सुचली.

"मॅडम, हिला गाडी पुकारायला सांगा की!"

"म्हणजे?"

"स्टँडवरची. पुष्पे, म्हण. प्रवाशांनी..."

त्यांनी नुसतं टोक धरलं आणि माझं तोंड सुटलं. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. परंडामार्गे बार्शीला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे. प्रवाशांनी आपल्या सामानाची काळजी घ्यावी. खिसेकापूंपासून सावध राहावे."

दारातून पोस्टातल्या काकांनी डोकं आत घातलं. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी. त्यांनी तेव्हाच मोबाइल काढला, पुन्हा म्हणायला लावलं, रेकॉर्ड केलं.

मॅडम मात्र माझ्याकडे बघत होत्या. माझ्या डोळ्यांत काय होतं ते त्यांनी पाहिलं असणार. माझ्या तोंडातून कोणीतरी दुसरी बाई बोलून गेली होती.

"छान आहे," त्या गुरुजींना म्हणाल्या. "पण हे बोलणं नाही."

"नाही कसं? शब्दन् शब्द स्पष्ट आहे!"

"सुरू झालं की शेवटपर्यंत धावतं, एवढंच. मधे काही बदलता येणार नाही. काकू, तीनच्या जागी पाच म्हणा. फलाट क्रमांक पाच."

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. परंडामार्गे बार्शीला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर..."

"बघितलंत?"

"अहो मॅडम," गुरुजी समजावणीच्या सुरात म्हणाले, "बार्शीची गाडी तीनलाच लागते."

*

गुरुवारी गुरुजींनी मला स्टँडवर नेलं. कशाला ते सांगितलं नाही. नवी साडी नेसायला लावली तेव्हाच मला शंका आली होती.

आगारप्रमुख ढवळे साहेब चांगला माणूस. त्यांना खरंच आनंद झाला. गुरुजींनी रेकॉर्डिंग ऐकवलं. साहेबांनी दोनदा ऐकलं.

"पण दवाखान्याचा कागद वेगळं सांगतोय," साहेब म्हणाले. "अजून सहा महिने उपचार, असं लिहिलंय."

"त्या मॅडम डॉक्टर नाहीत, साहेब. बोलायला शिकवणाऱ्या आहेत. आमच्या तालुक्याच्या डॉक्टरांना मी हे ऐकवलं. त्यांनी कामावर हजर व्हायला हरकत नाही असं दिलंय लिहून."

मी मान हलवली. आडवी. जोरात.

"लाजतेय," गुरुजी म्हणाले.

"चला, प्रत्यक्षच बघू." साहेब उठले.

केबिनमध्ये रफिकभाई चौकशीच्या खिडकीशी होते. माझ्यानंतर गाड्या तेच पुकारत होते आणि त्यांचा आवाज कोणालाच आवडत नव्हता, त्यांना स्वतःलाही नाही. मला बघून उठले, खुर्ची पुसली. "या बाई. माझी सुटका करा. काल नगरच्या गाडीला जामखेड म्हणालो, एक म्हातारी मला काठी घेऊन शोधत होती."

खुर्चीत बसले. समोर माईक. डाव्या हाताने बटण दाबलं. बाकी माझ्या हातात नव्हतं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे."

फलाटावर माना वर झाल्या. चहाच्या गाड्यावरचा पोऱ्या थांबला. वर्कशॉपमधून दोन मेकॅनिक बाहेर आले. रफिकभाई गाडीचं नाव घ्यायचे आणि त्या गाडीचं एकोणीस वर्षांचं पाठ आपोआप सुटायचं: मी नगर पुकारली, जामखेड पुकारली, टेंभुर्णी पुकारली. एक म्हातारा ड्रायव्हर खिडकीपाशी येऊन टाळ्या वाजवायला लागला. "बाईंचा आवाज आला! आता गाड्या वेळेवर सुटतील!"

"गाड्या कशा सुटतील? तू इथं टाळ्या वाजवतोयस," रफिकभाई म्हणाले.

सगळे हसले. ढवळे साहेबांनी माझ्यापुढे हात जोडले. "भांगेबाई, मार्चअखेर आहे, निम्मे रजेवर, माणसं कमी. देवासारख्या आलात. सोमवारपासून हजर व्हा."

सोमवारपासून हजर, म्हणजे मंगळवार नाही, शुक्रवार नाही. जिल्ह्याची गाडी नाही, आरसा नाही, 'वलीस' नाही. मी उभी राहिले.

मला म्हणायचं होतं: साहेब, मला बोलता येत नाही.
तोंडातून आलं: अहो... बसा ना. चहा टाकते.

केवढा हशा झाला! "साहेबांनाच बसवतायत!" कोणीतरी म्हणालं.

"ती म्हणतेय," गुरुजी पुढे झाले, "साहेबांचे फार उपकार आहेत."

घरी गेल्यावर मी डाव्या हाताने पाटीवर लिहिलं. डाव्या हाताचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. एक शब्द जमला. नको.

गुरुजींनी पाटी लांब धरून वाचलं. "नको? काय नको? भीती वाटतेय? अगं, वाटणारच. सहा महिने घरात बसलेलं माणूस. एकदा खुर्चीत बसलीस की जाईल."

मी पाटी घेतली, पुन्हा तेच लिहिलं, मोठं, आणि पाटी त्यांच्या पुढ्यात आपटली. पाटीला तडा गेला.

"राग येणं चांगलं लक्षण आहे," गुरुजी म्हणाले.

त्यांच्यावर मी अजून चिडते. ते वाईट नव्हते, हीच पंचाईत. वाईट माणसाशी भांडायला शब्द लागत नाहीत. ज्याला आपलं भलं करायचंय त्याला थांबवायला लागतात, आणि बरेच लागतात.

*

सोमवार. ऊन पत्र्यावर कडकडत होतं. सकाळभर सगळं सुरळीत. रफिकभाई कागदावर गाडी लिहून पुढे करायचे, मी बटण दाबायचे, ती दुसरी बाई बोलायची. लोक खिडकीपाशी येऊन बघून जायचे. एकीने तर मला केळी दिली.

रफिकभाईंनी चहा मागवला, म्हणाले, "बाई, साखर किती?"

मला म्हणायचं होतं: कमी.
तोंडातून आलं: सोमवार, मंगळवार.

रफिकभाईंचा कप हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. काहीतरी त्यांना कळायला लागलं होतं, पण तेवढ्यात खिडकीवर धडधड झाली.

एक बाई होती, कडेवर लहान मूल, केस सुटलेले. "दादा, माझे सासरे! पाणी प्यायला उतरले ते आलेच नाहीत. कंडक्टर थांबायला तयार नाही. त्यांना काही आठवत नाही हो, ते कुठल्याही गाडीत बसतील!"

"नाव?"

"नामदेव कोळेकर. आळजापूरचे. पांढरा फेटा आहे."

"बाई, पुकारा लवकर," रफिकभाई म्हणाले, आणि नाव लिहून कागद माझ्यापुढे सरकवला.

मी बटण दाबलं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. परंडामार्गे बार्शीला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे."

तीन नंबरच्या फलाटावर गाडी नव्हती. लोक पिशव्या घेऊन धावले. रिकाम्या फलाटावर गर्दी झाली, एकमेकांना विचारायला लागली.

"बाई, नामदेव कोळेकर. कोळेकर!"

मी पुन्हा दाबलं. नाव डोळ्यांपुढे होतं, ते मी वाचत होते, मला दिसत होतं. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. परंडामार्गे..." मी दात आवळले. थांबवलं. माझ्या तोंडातल्या त्या दुसऱ्या बाईला मी अर्ध्या रस्त्यात थांबवलं. पहिल्यांदाच.

आता कर्ण्यात काहीच नव्हतं. नुसती खरखर. आणि माझा श्वास.

"ता... का... डो..."

फलाट हसला. "बाई घेऊन आली काय?" कोणीतरी ओरडलं. "दुपारीच?"

रफिकभाईंनी हात पुढे केला. "द्या बाई, मी सांगतो. सोडा."

मी उजव्या हाताची अर्धवट मूठ टेबलावर आपटली. ठक. ती कर्ण्यातून सगळ्या स्टँडवर वाजली. ठक. "को." ठक. "ले. को. ते." पुन्हा. ठक. "मा. ना. ना." ठक. ठक. घामाने पदर चिकटला होता. माझ्या तोंडातून एकेक चुकीचं अक्षर बाहेर पडत होतं आणि पत्र्याला, भिंतीला आपटून माझ्याकडे परत येत होतं. हसणं हळूहळू थांबलं. ते थांबलेलं हसण्यापेक्षा वाईट होतं. गाड्यांची इंजिनं चालू होती, आणि माणसं गप्प.

ढवळे साहेब केबिनमधून धावत आले. "काय चाललंय? माईक बंद करा! बाई, बंद करा तो!"

ठक. "मला."

हे नाव नव्हतं. हे ठरवून म्हटलेलं नव्हतं, की होतं, अजूनही सांगता येत नाही.

ठक. "मला." ठक. "मला बो." ठक. "बो. बो. गो. बो."

पुढे गेलंच नाही. तिथेच गोल गोल फिरत राहिलं. साहेबांनी भिंतीतली वायर ओढली, तेव्हा कर्णा एकदा कोकलला आणि बंद पडला.

खिडकीपाशी ही गर्दी. सगळ्यांत पुढे, गजांना धरून, पांढऱ्या फेट्याचा एक म्हातारा आत डोकावत होता.

"काय झालं वो बाईला?" त्याने काळजीने विचारलं.

"मामा!" कडेवर मूल असलेल्या त्या बाईने त्याचा दंड पकडला. "अहो, चला! गाडी चाललीय!"

"अगं थांब, बाईला काहीतरी होतंय," म्हातारा म्हणाला, आणि तिने ओढत नेईपर्यंत मागे वळून बघत राहिला.

*

गुरुजींना शाळेतून बोलावून आणलं. ते दारात उभे राहिले, कोणाकडेच न बघता. गावात प्रत्येकाने ऐकलं होतं. शाळा स्टँडच्या मागेच होती. वर्गातल्या पोरांनीही ऐकलं होतं.

ढवळे साहेब येरझाऱ्या घालत होते. रिकाम्या फलाटावर धावताना एका बाईचा पाय मुरगळला होता, दोघांची गाडी चुकली होती, तक्रारवहीशी रांग होती.

"भांगेबाई," ते शेवटी माझ्यासमोर थांबून म्हणाले, "अहो, बोलता येत नाही, हे तुम्ही आधी सांगायचं नाही का?"

रफिकभाईंनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. हसत होते की काय, मी बघितलं नाही.

मला म्हणायचं होतं:
तोंडातून आलं: अगं बाई.

"ती म्हणतेय..." गुरुजींनी सुरुवात केली, आणि पहिल्यांदाच त्यांना पुढचं सुचलं नाही. ते खाली बसले. स्टुलावर, प्रवासी बसतात तसे, पिशवी मांडीवर घेऊन.

साहेबांनी गुंजाळ मॅडमचा कागद फाइलमधून पुन्हा काढला. सहा महिने. सही केली, शिक्का मारला, कागद माझ्या हातात दिला. "जा. नीट बऱ्या व्हा. घाई नाही."

घरी जाताना गुरुजी म्हणाले, "वायर ओढायच्या आधी तू बंद का नाही केलंस? लाजेने मेलो मी. सगळ्या गावासमोर."

आमच्या स्टँडवरचा माईक साधा होता. बटण दाबून धरलं तरच तो चालायचा. बोट उचललं की बंद. बोट माझ्या डाव्या हाताचं होतं, आणि डाव्या हाताला काहीच झालं नव्हतं. रफिकभाई सोडा म्हणाले तेव्हा मला ऐकू आलं होतं. साहेब ओरडले तेही. लोक हसत होते ते तर कर्ण्याहून मोठ्याने. मी जोर देऊन दाबून धरलं होतं. नख पांढरं पडेपर्यंत. सहा महिने मी घराघरांत, खोल्याखोल्यांत माना हलवत होते आणि प्रत्येक जण माझ्या वतीने काहीतरी बोलत होता. त्या दिवशी माझ्या वतीने कोणालाच बोलता आलं नाही.

हे सगळं त्यांना सांगण्यासारखं होतं. रस्त्यात थांबून, त्यांच्याकडे बघून. मी डाव्या हाताने मांडीवर थाप मारली, तोंड उघडलं.

"अहो," मी म्हणाले.

"हं?"

"अहो."

"चल, ऊन लागतंय," ते म्हणाले.

मी तो कागद ब्लाउजमध्ये घातला. उद्या मंगळवार होता. पहिल्या गाडीने निघायचं ठरवलं.

जिल्ह्याच्या दवाखान्यातली गुंजाळ मॅडमची जागा कंत्राटी होती, ती एकतीस मार्चला रद्द झाली, आणि मी माईकवर बसले तो एप्रिलचा पहिला सोमवार होता.